४३ युरोत आवडेल तेथे प्रवास: म्युनिकमधल्या एका स्टुडंटचा डॉइचलँड टिकेट रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, मला घाई नाही, आज रविवार आहे आणि बाहेर सगळी दुकानं बंद आहेत.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आठवतो का? चार दिवसांचा नाहीतर सात दिवसांचा, एकदा पैसे भरायचे आणि मग दिसेल त्या लाल गाडीत चढायचं. आमच्या आजोबांनी त्या पासावर अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता आणि परत आले की देवळांपेक्षा जास्त वेळ कुठल्या स्टँडवरचा वडा चांगला यावरच बोलायचे. डॉइचलँड टिकेट म्हणजे हुबेहूब तेच, फक्त महिनाभराचं आणि देशभराचं. लोकल, मेट्रो, ट्राम, सिटी बस, गावाकडची बस, पॅसेंजर गाड्या, सगळं एका तिकिटात. फक्त आयसीई, आयसी वगैरे लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्यांना हात लावायचा नाही.

थोडा इतिहास, कारण भाव कसा चढत गेला ते कळायला पाहिजे. २०२२ च्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, इथल्या सरकारने तीन महिने ९ युरोचं तिकीट काढलं होतं, त्याची पाच कोटींवर विक्री झाली आणि गाड्यांना आपल्या संध्याकाळच्या कल्याण लोकलची कळा आली म्हणे, मी तेव्हा इथे नव्हते. मग १ मे २०२३ पासून हे कायमचं तिकीट आलं, ४९ युरो. २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. आपल्याला मात्र बव्हेरिया राज्याकडून त्यात २० युरोची सूट मिळते, स्टुडंट आणि अप्रेंटिस लोकांना, म्हणून मी ऑक्टोबर २०२३ ला उतरले तेव्हा २९ ला पडायचं, मग ३८, आता ४३. अडीच वर्षांत जवळजवळ दीडपट, आणि माझा हीवीचा पगार (म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालचं पार्टटाइम काम) काही दीडपट झालेला नाही. एक स्टार इथेच गेला.

तरीपण घ्याच. का ते सांगते.

मी आले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९३४ युरो सुटायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हिसाच्या वेळी वर्षभराचे पैसे एका खात्यात आधीच ठेवायला लागतात आणि ते दर महिन्याला थोडे थोडे हातात येतात, पैसे आपलेच पण मिळतात असे की जणू सासरच्यांनी दिलेत. त्यातून म्युनिकचं भाडं, इन्शुरन्स, किराणा गेला की जे उरतं त्यात 'वीकेंड' हा शब्द बसवायचा असतो. पहिले दोन महिने मी शनिवार-रविवार खोलीतच होते. गार्चिंगला आमचा कॅम्पस आहे (जर्मन लोक गार्शिंग म्हणतात, आपण सगळे गार्चिंगच म्हणतो), सहा नंबरच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन, पुढे शेतं. शनिवारी रात्री ८ ला सुपरमार्केट बंद झालं की थेट सोमवारी उघडणार, कायद्यानेच. पहिल्या रविवारी माझ्याकडे अर्धा कांदा आणि मीठ होतं. नंतर कळलं की मेन स्टेशनातलं दुकान रविवारी उघडं असतं आणि तिथपर्यंत जायला वेगळे पैसे लागतच नाहीत, तिकीट आहे की खिशात! हा माझा तिकिटाचा पहिला खरा उपयोग, दूध आणि बटाटे आणायला मेट्रोने अर्धा तास.

गावात फिरायचं म्हटलं तर रविवारी म्युझियमं एक युरोत असतात, म्हणजे आल्टे पिनाकोथेक आणि आजूबाजूची दोन-तीन. मला चित्रातलं काही कळत नाही, जानेवारीत मी तिथे हीटिंगसाठी जायचे हे कबूल करते. पण ड्युररचं १५०० सालचं स्वतःचं चित्र आहे तिथे, लांब केस, समोर बघतोय, त्याच्यापुढे चार-पाच रविवार उभी राहिल्यावर मला ते आवडायला लागलं. एका युरोत अजून काय पाहिजे.

उन्हाळ्यात मात्र बीअर गार्डन. आता आई हे वाचणार, तर आई, मी सफरचंदाचा रस आणि सोडा पिते, त्याला आप्फेलशॉर्ल म्हणतात. बाकीच्यांसाठी महत्त्वाची गोष्ट ही की बव्हेरियात बीअर गार्डनमध्ये आपला डबा आपण न्यायचा असतो, जुनी पद्धत आहे आणि नियमातही बसते, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. आपल्याकडे हॉटेलात 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' वाचून मोठे झालेलो आपण, त्यामुळे पहिल्यांदा इंग्लिश गार्डनमधल्या चायनीज टॉवरखाली थालीपिठाचा डबा उघडताना मी दोनदा मागे वळून बघितलं. कोणी काही बोललं नाही. ज्या टेबलावर टेबलक्लॉथ घातलेला असतो तिथे मात्र बसू नका, तिथे वेटर येतो आणि तिथलंच खायचं. साध्या लाकडी बाकावर बसा, बाजूला अनोळखी माणसं बसतातच, एका आजोबांनी थालीपीठ चाखलं, विचारलं हे कशाचं, मी 'भाजणी' जर्मनमध्ये समजावायला दहा मिनिटं घेतली, शेवटी ते म्हणाले ब्रेड आहे. बरं, ब्रेड तर ब्रेड.

पण तिकिटाची खरी वसुली म्युनिकच्या बाहेर. तास-दोन तासात आल्प्सच्या पायथ्याशी जाता येतं आणि हे सगळं त्या ४३ मध्ये. गार्मिश, मिटेनवाल्ड, फ्युसेन, टेगर्नझे, किमझेच्या काठचं प्रीन, सगळीकडे पॅसेंजर जाते. फ्युसेनला उतरून बसने नोयश्वानश्टाइन महालाच्या पायथ्याशी, तीही बस तिकिटात, आत जायचं वेगळं तिकीट असतं पण पुलावरून बघायला कोणी पैसे मागत नाही. (गेल्या वर्षी, २०२५ ला, तो आणि लुडविग राजाचे बाकीचे महाल युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून गर्दीचं विचारू नका. सकाळी जा.)

आता एक फजिती. टेगर्नझेला जायचं होतं, चौघं होतो, शेवटच्या डब्यात मस्त जागा मिळाली म्हणून तिथे बसलो, डबे उघडले, पत्ते काढले. या लाइनवरच्या गाड्या होल्झकिर्शेनला तुटतात. म्हणजे शब्दशः, एकच गाडी म्युनिकहून निघते आणि वाटेत तिचे तुकडे होऊन एक शिलियरझे-बायरिशत्सेलकडे, बाकीचे टेगर्नझे आणि लेंगरीसकडे. अनाउन्समेंट झाली असणारच, पण ती ऐकून कळायला आमचं ए-टू (म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं) जर्मन पुरलं नाही आणि आमच्यातला एक नागपूरचा, तो तर म्हणाला 'काही नाही बे, नेहमीचंच सांगून राहिली'. तळं आलं, उतरलो, फोटो काढले, घरी पाठवले, टेगर्नझे म्हणून. दोन तासांनी स्टेशनवरच्या बोर्डाकडे नीट बघितलं तर शिलियरझे. तळं चांगलंच होतं, तक्रार नाही. पण तेव्हापासून मी डब्याच्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय चढत नाही. आणि तिकीट फुकट गेलं का, तर नाही, कारण चुकीच्या गाडीतही ते चालतंच! बाकी कुठल्या तिकिटाने असं वागवलंय सांगा.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती गोष्ट.

मी कराडची, बाबा कोयनेत नोकरीला, पोफळीच्या पॉवरहाऊसवर आयुष्य गेलं, आता रिटायर. माझं मास्टर्सही पॉवर इंजिनिअरिंगमध्येच, घरात दुसरा विषयच नव्हता. गेल्या जूनमध्ये आईबाबा आले. आता आलेल्या पाहुण्यांना पहिल्यांदा काय दाखवतात, मारीनप्लाट्झचं घड्याळ, बाहुल्या नाचतात ते. आईला आवडलं. बाबा अकराच्या ठोक्याला मान वर करून उभे राहिले आणि बाहुल्या थांबल्यावर म्हणाले, झालं? राजवाड्यात नेलं, तिथे सोन्याचा मुलामा बघून म्हणाले मेंटेनन्स किती येत असेल. मग मी ठरवलं की यांना कोखेलला न्यायचं.

कोखेल म्हणजे म्युनिकहून टुट्झिंगला गाडी बदलून सव्वा तासाच्या आसपास. खाली कोखेलझे तळं, वर डोंगरात वाल्खेनझे तळं, दोघांमध्ये साधारण २०० मीटरचा फरक, आणि त्या उतारावरून सहा जाडजूड पाइप खाली पॉवरहाऊसमध्ये येतात. १९२४ ला सुरू झालेलं. ज्यांनी म्युनिकचं डॉइचेस म्युझियम उभं केलं त्या ऑस्कर फॉन मिलर यांच्या डोक्यातून आलेलं काम. स्टेशनवरून बस पकडली (तिकिटात!), उतरलो, बाबांनी ते सहा पाइप बघितले आणि आल्यापासून पहिल्यांदा चष्मा काढून पुसला.

'हेड किती?' म्हणजे पाणी किती उंचीवरून खाली येतं.

मी म्हटलं दोनशे मीटर.

'बस? आपलं याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे.' आणि हे सांगताना आवाजात असा काही आनंद होता की दोनशे मीटर हा जर्मनीचाच दोष आहे. क्षमता विचारली, १२४ मेगावॉट म्हटल्यावर तर विषयच संपला, कोयना सगळे टप्पे धरून १९६० मेगावॉट आहे हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं, मला, मी काय कराडची नसल्यासारखं.

आत व्हिजिटर सेंटर आहे, फुकट, तिथल्या काचेतून मशीन हॉल दिसतो. आठ युनिटं, चार फ्रान्सिस टर्बाइनची, चार पेल्टन टर्बाइनची. बाबांना हे कोडं पडलं की एकाच हेडवर दोन जातीची टर्बाइन कशाला. मग मला माझं शिक्षण वापरायची संधी मिळाली. फ्रान्सिसवाली नेहमीची पन्नास हर्ट्झची थ्री-फेज वीज करतात, आणि पेल्टनवाली रेल्वेसाठी, कारण जर्मन रेल्वे सिंगल-फेजवर आणि १६.७ हर्ट्झवर चालते, जुन्या काळापासून, त्यामुळे तिच्यासाठी वीजच वेगळी बनवतात. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, 'म्हणजे आपण सकाळी आलो ती गाडी?' त्याच ग्रिडवर, म्हटलं. आईने विचारलं आता जेवायचं का, तर तिला हाताने थांबवून ते काचेला नाक लावून अजून वीस मिनिटं उभे होते. तिथल्या एका कर्मचाऱ्याने बघितलं असावं, जवळ आला, त्याला इंग्लिश तुटकं, बाबांचं इंग्लिश कराडचं, पण दोघं हातवारे करून पाण्याबद्दल काय बोलत होते ते देव जाणे, बाबांनी त्याला १९९९ चं लेक टॅपिंग सांगितलं, जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं ते, दोन्ही हात वर करून धडाड्धूम, आणि तो माणूस हसून मान हलवत होता. मग तळ्याकाठी बसून दशम्या खाल्ल्या. परतीच्या गाडीत बाबांनी खिडकीतून ओव्हरहेड वायर बघत बसण्यात सगळा वेळ घालवला आणि गावी फोन करून सांगितलं की जर्मनीत एक छोटं पॉवरहाऊस बघितलं. छोटं.

तर पाहुण्यांसाठी टीप. त्यांना स्टुडंट भाव नाही, पूर्ण पैसे. आणि तिकीट कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, तीस दिवसांचं नाही, म्हणजे कोणी २० तारखेला येणार असेल तर दोन महिन्यांचे पैसे जातात. त्यांना शक्यतो एक तारखेच्या आसपास बोलवा, आम्ही तसंच केलं. नाहीतर वीकेंडपुरतं बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकीट काढा, दिवसभराचं, पाच जणांपर्यंत एकावर जातात, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं, इतर दिवशी सकाळी ९ नंतर.

साल्झबुर्गलाही हे तिकीट जातं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑस्ट्रियात असूनही मेन स्टेशनपर्यंत चालतं, पुढे तिथल्या बसला नाही, पण चालतच जा, मिराबेल बाग पंधरा मिनिटांवर आहे. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड ओरिजिनल न्या. 'फोटो आहे की फोनमध्ये' म्हणणारा एक मित्र आमच्याकडे होता, येताना फ्राइलासिंगला पोलीस चढले, त्याला खाली उतरवलं, आम्ही पुढे, तो दोन तासांनी घरी. मोझार्टच्या घरापेक्षा तीच गोष्ट आता आम्ही जास्त सांगतो.

बर्लिन मात्र याच्यावर करू नका. मी केलंय. म्युनिक ते बर्लिन आयसीईने चारेक तास, पॅसेंजरने बदलत बदलत दहाच्या आसपास, आणि कागदावर. न्यूर्नबर्गपर्यंत छान वाटतं, खिडकी, गाणी, चिवडा. मग एक गाडी सात मिनिटं लेट होते, बदलायला पाच मिनिटं असतात, पुढची तासाने, आणि तुम्ही नाव न ऐकलेल्या स्टेशनवर व्हेंडिंग मशीनसमोर उभे असता ज्यात एकच चॉकलेट उरलंय आणि तेही अडकलेलं. मी पोचले तेव्हा पाठ कामातून गेली होती, येताना रात्रीच्या बसचे पैसे भरले आणि गप झोपून आले. दोन तासांपर्यंतच्या गावांसाठी हे तिकीट सोनं आहे, तीनला चालेल, पुढे हट्ट करू नये.

अजून बारीकसारीक. तिकीट फोनमध्ये असतं आणि फोन मेला की तिकीट मेलं. मला मेट्रोत साध्या कपड्यातल्या चेकरने पकडलंय, बॅटरी संपलेली, तो म्हणे ६० युरो. रडायला आलं होतं. पण तिकीट तुमच्या नावावर असेल तर नंतर ऑफिसात जाऊन दाखवलं की ७ युरोवर मिटतं, तसं मिटलं. पॉवर बँक घ्या, १५ युरोत येते. ओळखपत्र जवळ पाहिजे, तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. सायकलचं वेगळं तिकीट. फर्स्ट क्लासमध्ये बसू नका, रिकामा दिसतो तो उगाच नाही. ॲपमध्ये शोधताना फक्त डॉइचलँड टिकेटवाल्या गाड्या दाखव असा पर्याय असतो तो टिक करा, नाहीतर चुकून फास्ट गाडीत बसाल.

आणि हे सबस्क्रिप्शन आहे, आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगायला लागतं. दिवाळीला घरी जाताना मला ते १२ तारखेला विमानतळावर आठवलं, ३८ युरो. तेवढ्यात चितळ्यांची बाकरवडी किती आली असती याचा हिशोब मी विमानात केला.

गाड्या वेळेवर असतात का हे सगळे विचारतात. जर्मनी म्हटलं की लोकांना घड्याळ आठवतं. तर नसतात, म्हणजे बऱ्याचदा असतात पण तुम्हाला शेवटची गाडी पकडायची असेल त्या दिवशी नसतात. वीकेंडला रूळांचं काम काढतात आणि गाडीऐवजी बस लावतात, तिची पाटी दिसली की डबा दुप्पट न्या. डोंगरात असाल तर शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा.

एकदा हिशोब केला होता, मागच्या जुलैत चार वीकेंड, सहा गावं, रोजचा कॅम्पसचा प्रवास धरून ३८ युरोत. दर वेळी वेगळी तिकिटं काढली असती तर मी त्यातल्या एकाच गावाला गेले असते, आणि तेही दोनदा विचार करून. आमच्या नंतरच्या बॅचला तर युनिव्हर्सिटीची फीपण लागली, नॉन-ईयू मुलांना, मास्टर्सला सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो, आम्ही शेवटचे सुटलो. त्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, खोलीत पडदा, गादी नंतर बघा, आधी तिकीट.

माझा थीसिस दोन महिन्यांत जमा होईल, मग स्टुडंट कार्ड जाणार आणि ६३ भरायला लागणार. भरेन बहुतेक. या शनिवारी टेगर्नझेला जायचंय, तिसरा प्रयत्न, दुसऱ्या वेळी रूळांचं काम निघालं होतं. नागपूरवाला पण येतोय, त्याला पुढच्या डब्यात बसायला सांगितलंय.